पॅनेल डॉक्टरचा मोबदला

चाकणच्या कारखान्यातील कामगारास ताप आला म्हणजे तो प्रथम गाठतो तो चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालयाचा तज्ज्ञ नव्हे, तर वस्तीजवळचा साधा डॉक्टर. राज्य कामगार विमा योजनेत या पहिल्या भेटीचे मोल कसे ठरते, हे सुशिक्षित कुटुंबांतही फारसे कोणास ठाऊक नसते.

प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. १९५४ साली ती मुंबईस आली. तेथे पगारी डॉक्टरांच्या दवाखान्यांऐवजी खासगी डॉक्टरांस यादीवर घेण्याची रीत पत्करण्यात आली. हेच ते पॅनेल डॉक्टर. रीत मूळची विलायती. १९११ च्या विमा कायद्यानंतर तेथील डॉक्टरांनी मोबदल्याच्या दरावरून सरकारशी चांगलेच भांडण मांडले होते.

पॅनेल डॉक्टरास भेटीगणिक पैसे मिळत नाहीत. यादीतील प्रत्येक विमेदारामागे, म्हणजे पर्यायाने त्याच्या कुटुंबामागे, वर्षाकाठी एक ठरीव रक्कम मिळते. कोणी वर्षभर फिरकले नाही तरी तेवढीच, वीस वेळा आले तरी तेवढीच. यात एक शहाणपण आहे: अनावश्यक सुई टोचून डॉक्टरचा काही लाभ होत नाही. मात्र रोग्यास लवकर वाटेस लावण्यात लाभ होतो, आणि दर जितका तुटपुंजा तितका हा मोह मोठा.

अलीकडे हा दर वर्षास ५०० रुपयांपर्यंत नेण्यात आला. चौघांचे कुटुंब धरल्यास माणशी महिन्यास दहा रुपयांहून थोडे अधिक! उलट २०१९ च्या जुलैपासूनच्या दराने २०,००० रुपये पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के व कामगाराचे पाऊण टक्का मिळून वर्षाचे ९,६०० रुपये भरले जातात. त्यांतूनच रुग्णालये, आजारपणाचा भत्ता, अपघाताची पेन्शने चालतात, हे खरे. तरीही पहिल्या दाराचा वाटा फारच लहान राहतो.

त्यातून चाकणसारख्या पट्ट्यात कंत्राटी कामगार पुष्कळ. कंत्राट संपले, वर्गणी थांबली, की काही काळाने विम्याचा हक्क सुटतो. यादीतले नाव जाते आणि डॉक्टरचा मोबदलाही. मधुमेहाच्या रोग्याची प्रकृती ओळखण्यास जे दोन-तीन महिने खर्ची पडतात, ते नव्या डॉक्टरास पुन्हा पहिल्यापासून घालावे लागतात.