हरलेल्या भावाची बाजू
(कळवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कांद्याचा भाव, वनहक्काचे दावे आणि आश्रमशाळांची स्थिती हे आपल्या अभ्यासवर्गाचे नित्याचे विषय आहेत. त्यांच्या पंगतीत 'थॉर' या मेघगर्जनेच्या परदेशी देवाला आणून बसविले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शौर्य म्हणजे काय, राज्य कोणाचे आणि हरलेला तो दुष्टच का, याविषयीच्या आपल्या मुलांच्या कल्पना आज ज्या कथांतून घडत आहेत, त्यांत ही एक आहे. मोबाइलच्या वाटेने ती अभोण्यापासून सुरगाण्यापर्यंत पोचली आहे. मुले जे पाहतात त्याकडे पाठ फिरवून लोकशिक्षण होत नाही.

प्रथम ती कथा पाहू. ऑगस्ट १९६२ च्या एका अमेरिकन चित्रकथा-मासिकात स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी हा नायक वाचकांपुढे आणला. डोनाल्ड ब्लेक नावाच्या, पायाने अधू असलेल्या डॉक्टरला नॉर्वेतील एका गुहेत एक काठी सापडते. ती आपटताच काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरचा थॉर. हा हातोडा फेकला की परत हाती येतो, वादळ उठवतो, वीज पाडतो. मात्र जो योग्य असेल त्यालाच तो उचलतो. २०११ साली आलेल्या चित्रपटात उन्मत्त झालेल्या थॉरची शक्ती त्याचा पिता ओडिन काढून घेतो व त्याला पृथ्वीवर हाकलून देतो. इतरांसाठी स्वतःचा प्राण द्यायला तो सिद्ध होतो, तेव्हाच हातोडा त्याच्याकडे परत येतो. बळ जन्माने नव्हे, आचरणाने मिळते, ही त्या कथेतील चांगली गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य करावी.

परंतु खरा प्रश्न त्याच्या भावाचा आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये या चित्रकथेत अवतरलेला लोकी हा चित्रपटात कोण आहे? युद्धात पराभूत झालेल्या हिमदैत्यांच्या राजाचे ते मूल. विजेता ओडिन त्याला उचलून आणतो, त्याचे कूळ त्याच्यापासून लपवतो आणि राजवाड्यात वाढवतो. लहानपणापासून त्याच्या कानांवर पडते ते हेच, की हिमदैत्य म्हणजे राक्षस, मारण्याच्याच लायकीचे. आपण त्यांच्यातलेच आहोत हे कळल्यावर हा मुलगा काय करतो? बापापुढे आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी तो स्वतःच्या जन्मदात्या जमातीचाच समूळ नाश करायला निघतो. चित्रपट याला भावाचा मत्सर म्हणतो. मला त्यात मत्सरापेक्षा अधिक काही दिसते. ज्याला आपल्या माणसांची लाज वाटायला शिकवले, त्याच्या हातून शेवटी आपल्याच माणसांचा घात होतो. लोकीचे कृत्य क्षम्य नाही. पण त्याला घडविणाऱ्या राजवाड्याला निर्दोष ठरविणेही न्यायाचे नाही.

मूळ नॉर्स कथांत हे भाऊपण नाहीच. तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहून ठेवलेल्या त्या कथांत लोकी हा थॉरचा भाऊ नसून ओडिनशी रक्ताची शपथ घेतलेला सोबती आहे. आणि तेथील थॉर राजपुत्राच्या तोऱ्यात वावरत नाही. पाऊस, वारा व पीकपाणी यांचा तो देव. रणात पडलेले सरदार ओडिनचे आणि गुलामांची जात थॉरची, असा टोमणा एका जुन्या काव्यात ओडिनच त्याला मारतो. कष्टकऱ्यांच्या या देवाला गादीचा वारस केले ते विसाव्या शतकातील धंद्याने.

आता आपल्या घरचा मेघराज पाहा. ऋग्वेदातील सुमारे पाव सूक्ते इंद्राची आहेत. वृत्राला मारून त्याने कोंडलेले पाणी सोडविले, ही त्याची कीर्ती. पण पुराणे सांगतात की त्याचे वज्र दधीचीच्या हाडांचे होते, आणि महिषासुरापुढे देव हतबल झाले तेव्हा त्या वज्रातून काढलेले वज्र त्याला देवीच्या हाती द्यावे लागले. ज्या अष्टादशभुजा सप्तशृंगीला महिषासुरमर्दिनी म्हणून आपण पुजतो, तिचा गड याच तालुक्यात आहे. वीरांचे बळ हे असे पुष्कळदा दुसऱ्यांकडून आलेले आणि दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागणारे असते.

येथेही भाऊबंदकी आहेच. देव आणि दैत्य हे दोघे कश्यपाचेच वंशज, एक अदितीचे आणि दुसरे दितीचे. दितीच्या वंशातील बळीने राज्य मिळविले तेव्हा इंद्राला ते परत मिळवून देण्यासाठी त्याचा धाकटा भाऊ वामन याचक होऊन आला. पुढे हाच विष्णू कृष्ण झाला आणि त्याने गोकुळाला सांगितले की इंद्राला नको, गोवर्धन डोंगराला पुजा. चिडलेल्या इंद्राने पावसाचा मारा केला, तेव्हा त्याच डोंगराखाली गोपाळांनी आसरा घेतला. हे दोन्ही प्रसंग एकाच दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आठवले जातात. महाराष्ट्रात आपण त्या दिवसाला बलिप्रतिपदा म्हणतो. जिंकलेल्या इंद्राचा सण आपल्या एकाही गावात नाही. इडापिडा टळून ज्याचे राज्य यावे असे आमच्या आयाबहिणी म्हणतात, तो हरलेला बळी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या कथेकडे पराभूतांच्या बाजूने पाहिले आणि बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. त्यांनी लोकांच्या ओठांवरच्या स्मृतीला विचाराची धार दिली.

साथींनो, हे सारे कळवणात सांगण्याचे कारण आहे. मार्गशीर्षात आपल्या कोकणा व भिल्ल बांधवांच्या पाड्यांवर पावरी घुमते, व्रत धरले जाते आणि डोंगऱ्यादेव पुजला जातो. ही पूजा करणाऱ्या घरातले मूल शिकायला बाहेर पडते, तेव्हा आपली बोली व आपला देव सांगताना त्याची मान खाली जाते का, हे आपण पाहिले पाहिजे. जात असेल, तर आपणही एक लोकी घडवीत आहोत. असे मूल उद्या शिकेल, अधिकारी होईल, कदाचित आमदारही होईल, आणि आपल्याच पाड्यावरच्या माणसाच्या वनहक्काच्या दाव्यावर नकाराची सही करील. त्या वेळी त्याला दोष देऊन भागणार नाही.

म्हणून चित्रपटावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. मुलांनी तो अवश्य पाहावा. त्यानंतर आपण त्यांच्याशी बोलावे. हिमदैत्यांची बाजू कोणी सांगितली? योग्य कोण हे ठरविण्याचा अधिकार एकट्या बापाला कोणी दिला? वारस दोनच का, प्रजेला कोणी विचारले का? आणि मग त्यांच्या आजीला बोलावून बळीची, कणसरीची, डोंगऱ्यादेवाची कथा तिच्याच बोलीत सांगायला लावावी. प्रत्येक शाखेने या वर्षी निदान एका शाळेत हे काम करावे, एवढी माझी विनंती आहे. त्याला निधी लागत नाही. संध्याकाळची दोन तासांची सवड आणि ऐकण्याची तयारी एवढेच पुरे.