तालमीला कोण बसणार?



आत्ता पेटीवर साथीला बसलेली जी मुलगी होती, मी तिच्यासाठी बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

कोरियाचा पियानोवादक सॉन्ग-जिन चो 2015 मध्ये वॉर्सातली शोपँ स्पर्धा जिंकला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. पाश्चात्य संगीतात आशियातल्या पोरांचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण 1954 मध्ये आपल्या मुंबईचा 18 वर्षांचा झुबिन मेहता संगीत शिकायला व्हिएन्नाला निघाला, तेव्हा ते नवलच होतं.

वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे. बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला, त्यामुळे सूर घरातच होते. तरी पोराला आधी डॉक्टरकीच्याच वाटेला लावलं होतं. (पालकांनो, मी तुमच्याकडे बघत नाही!) पोराने ती वाट सोडली.

व्हिएन्नात वेगळीच अडचण. वाद्यवृंदाच्या मोठ्या संचालकांच्या तालमी बघायला विद्यार्थ्यांना मज्जाव होता. मग झुबिन आणि त्याचा इटालियन मित्र क्लाउदिओ अब्बादो, दोघेही गायकवृंदात भरती झाले! गाणं निमित्ताला, डोळे संचालकाच्या हातांवर. मैफलीत श्रोत्यांना संचालकाची फक्त पाठ दिसते. गाणाऱ्याला चेहरा दिसतो, कुठे तो थांबवतो, कशासाठी चिडतो, तेही कळतं. मला विचाराल तर झुबिनची खरी शाळा तीच. पुढे अब्बादोही जगातला मोठा संचालक झाला.

1958 मध्ये झुबिनने लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा जिंकली. पंचविशीतच व्हिएन्ना आणि बर्लिनच्या नामांकित वाद्यवृंदांसमोर उभा राहिला. मग लॉस एंजलिस, आणि 1978 ते 1991 न्यूयॉर्क. स्वतः एक सूरही वाजवायचा नाही, पण शंभरेक वादकांपैकी कोणाचा सूर हलला ते ओळखायचं, असं हे काम. एवढं जग फिरून नागरिकत्व मात्र भारताचंच ठेवलं. 1994 मध्ये इस्रायलचा वाद्यवृंद घेऊन ते मुंबईला आले होते.

आता आपल्या सावरगावातल्या भजनी मंडळींना एक विनंती. तुमच्या तालमीला ही पोरं आली, तर कलकल करतात म्हणून हाकलू नका. टाळ द्या हातात आणि पेटीवाल्याच्या समोर बसवा, मागे नको.

बक्षिसं टेबलावर मांडून झालेली दिसतात. मी बसतो.