डांबरी रस्त्यावरचं मृगजळ
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मोठमोठे वक्ते बोलून गेले. आम्ही रस्त्याच्या कामावरची माणसं. मृगजळ म्हटलं की कीर्तनकारांना माया आठवते. आम्हाला भर मे महिन्यातला आग्रा-मुंबई रस्ता आठवतो.

कीर्तनात दोन दाखले जोडीनं येतात, दोरीवरचा साप आणि मृगजळ. आमच्या मते ही जोडी तितकीशी जमत नाही. दिवा आणला की साप नाहीसा होतो. मृगजळाचं तसं नाही. ते पाणी नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी ते दिसतच राहतं. मोबाईलनं फोटो काढला तर फोटोतही येतं, आणि मोबाईलला काही तहान लागलेली नसते! म्हणजे डोळा चुकत नाही. प्रकाश खरोखरच रस्त्याच्या बाजूनं येत असतो. फक्त तो निघालेला असतो आकाशातून.

तो वळतो कसा, हे समजायला आपलं लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. दहा मुलं एका ओळीत पुढे चालली आहेत. एका टोकाची मुलं लांब टांगा टाकू लागली आणि दुसऱ्या टोकाची हळू चालली, तर सगळी ओळ हळू चालणाऱ्यांच्या बाजूला वळते. प्रकाशाचंही तसंच आहे. उन्हानं तापलेलं डांबर पायाला चटका देतं. त्याला चिकटलेली हवा तापून विरळ होते, आणि विरळ हवेत प्रकाश किंचित वेगानं जातो. वरची हवा त्या मानानं थंड आणि दाट, तिथे तो किंचित हळू. म्हणून आकाशाकडून तिरपा खाली आलेला किरण रस्त्याला न टेकताच वर वळतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याला वाटतं, किरण सरळच आला. मग आकाशाचा तुकडा रस्त्यावर सांडलेला दिसतो, आणि जमिनीवर आकाश दिसलं की आपण त्याला पाणी म्हणतो. गरम हवा सारखी वर उसळत असते, म्हणून त्या ‘पाण्या’वर लाटाही दिसतात.

शाळेच्या पुस्तकात ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ असं लिहून मोकळे होतात. त्यानं मुलांना वाटतं, की हवेत कुठेतरी आरसा आहे. आरसा नाही, किरण थोडा थोडा वळत जातो. नेपोलियनच्या फौजेबरोबर 1798 साली इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञानं तिथे मृगजळ पाहून त्याचा उलगडा मांडला, तेव्हापासून याचा नीट अभ्यास सुरू झाला.

हे वळण असतं फार थोडं, जेमतेम अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणून रस्त्याला जवळजवळ समांतर येणारेच किरण वळून डोळ्यापर्यंत पोचतात. स्कूटरवरून पाहिलं तर मृगजळ दीड-दोनशे मीटर पुढे दिसतं. आपण पुढे गेलो की तेही तेवढंच पुढे सरकतं. हरिण बिचारं धावत राहतं ते यामुळे. लहान मुलाचा डोळा खाली असतो, त्याला ते आपल्यापेक्षा जवळ दिसतं. खरं-खोटं वाकून पाहा.

आता हे आम्हाला का सांगावंसं वाटलं, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका वस्तीतल्या गटाराच्या लेव्हल घ्यायच्या होत्या. रस्ता चढाचा, वेळ दुपारची. दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे पाण्यात बुडवल्यासारखे हलत होते. आमचा जुना चेनमन म्हणाला, “साहेब, पट्टीचा खालचा हात वाचू नका, सकाळी या.” आम्ही डिप्लोमाचे नवे, ऐकतो कशाला! दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या बाजूनं मोजत आलो, तर तीन सेंटीमीटरचा फरक. चढाकडे पाहताना नजरेची रेषा तापलेल्या जमिनीच्या अगदी जवळून जाते, उताराकडे पाहताना उंचावरून. दोन्हीकडे प्रकाश सारखा वळत नाही, त्यामुळे चूक कटत नाही, साठत जाते. त्या गटाराला शेवटी हजारी एक उतार होता. म्हणजे तीन सेंटीमीटर हा तीस मीटरचा उतार झाला. तसंच बांधलं असतं तर पहिल्याच पावसात पाणी लोकांच्या ओट्यावर आलं असतं, आणि ते मृगजळ नसतं. दुपारचे सगळे आकडे खोडले. चेनमनला चहा पाजला.

आमच्यासारख्यांची ही अडचण जुनीच. भारताची मोजणी करणारा लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचं काम एव्हरेस्टनं पुढे नेलं आणि 1824-25 च्या हिवाळ्यात आपल्या मध्य प्रदेशातल्या सिरोंजला पायारेषा मोजली. लांबची ठाणी पाहायला एव्हरेस्ट रात्री दिवे लावून घेत असे. रात्री जमीन निवते, थंड हवा खाली राहते, आणि प्रकाश उलट दिशेनं, खाली वाकतो. त्यामुळे दिवसा जमिनीच्या उंचवट्याआड गेलेलं ठाणं रात्री वर उचलल्यासारखं दिसू शकतं.

हे उचललेलं रूप आपणही रोज पाहतो. विसर्जनाच्या संध्याकाळी आकाश मोकळं असलं, तर सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकताना बघा. हवेनं वाकवलेल्या प्रकाशामुळे तो तिथे दिसत असतो. खरा सूर्य त्या क्षणी पुरता खाली गेलेला असतो.