मेटाट्रोन : आसनावर बसलेला देवदूत



ज्यू धर्म म्हणजे कडक एकेश्वरवाद, अशी आपली समजूत आहे, आणि ती बरोबरच आहे. मग त्याच धर्मातील गूढवाद्यांनी ईश्वराच्या खालोखाल एक देवदूत मानावा, त्याला आसन द्यावे, मुकुट द्यावा, फार काय ईश्वराच्या नावाचा वाटाही द्यावा, हे घडले कसे? आणि घडल्यावर त्यांचा एकेश्वर शाबूत राहिला कसा? या दोनच प्रश्नांचा विचार आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

या देवदूताचे नाव मेटाट्रोन. ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात हे नाव कोठेही नाही. तेथे आहे तो हनोख नावाचा पुरुष. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याच्याविषयी चारच ओळींचा मजकूर आहे. तो 365 वर्षे जगला, ईश्वराच्या मार्गाने चालला आणि मग नाहीसा झाला, कारण ईश्वराने त्याला नेले. इतरांप्रमाणे ‘तो मेला’ असे त्याच्याविषयी म्हटलेले नाही. एवढ्याशा फटीतून पुढच्या शतकांची कल्पना आत शिरली. इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पृथ्वीवरील देवघर गेल्यावर काही साधकांची दृष्टी स्वर्गातील देवघराकडे अधिकच लागली. सात प्रासाद ओलांडून सिंहासनापर्यंत कसे जावे, हे सांगणारे ग्रंथ पुढे तयार झाले. त्यांपैकी एकात मेटाट्रोन स्वतःच रब्बी इश्माएल यांना आपली कथा सांगतो : मीच तो हनोख, माझे मांस ज्वाला झाले, मला पंख फुटले, आणि ईश्वराने मला ‘धाकटा’ म्हणून आपलेच नाव दिले.

म्हणजे माणूस देवदूत झाला, आणि देवदूतांतही श्रेष्ठ झाला. आकाशातील जुने रहिवासी या नवागताविषयी कुरकुर करतात, असेही तो ग्रंथ सांगतो. माणसाला याहून मोठा मान तो कोणता?

परंतु श्रोतेहो, खरी अडचण येथेच सुरू होते. बाबिलोनी तालमूदात एक कथा आहे. एलिशा बेन अबुया नावाचा मोठा विद्वान स्वर्गाच्या उपवनात शिरला. तेथे मेटाट्रोन बसून इस्राएलाच्या पुण्याची नोंद करीत होता. आपल्या चित्रगुप्ताची आठवण व्हावी असेच हे काम. पण एलिशाचे लक्ष वहीकडे गेले नाही, ते बसण्याकडे गेले. स्वर्गात कोणी बसत नाही, असे तो शिकला होता. त्याच्या मनात आले, वर दोन सत्ता तर नाहीत? तेवढ्या एका शंकेने तो धर्माला मुकला, आणि पुढे लोक त्याचे नावही न घेता त्याला नुसते ‘दुसरा’ म्हणू लागले.

आता शिक्षा कोणाला झाली ते पाहा. एलिशाला तर झालीच. पण आधी झाली ती मेटाट्रोनला. ‘त्याला पाहून तू उठला का नाहीस?’ असे विचारून त्याला अग्नीचे साठ फटके मारण्यात आले. लिहिण्यासाठी बसण्याची परवानगी त्याला होती. त्याचा अपराध असा काहीच नव्हता. तरीही फटके बसले, कारण पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ देणे हाच त्या उंचीवर अपराध ठरतो. जो फटके खातो तो देव नव्हे, हे लेकरालाही कळते. रब्बींनी मेटाट्रोनला हाकलून दिले नाही. त्याची मर्यादा तेवढी सर्वांसमक्ष आखून दिली. शिवाय त्याच तालमूदात त्याच्याकडे, अल्पवयात गेलेल्या मुलांना शिकविण्याचे कामही दिलेले आढळते. आमच्या मते या साऱ्या परंपरेचे मर्म येथे आहे : माणसाने कितीही वर चढावे, पण दाराशी सेवक म्हणूनच उभे राहावे.

पुढे तेराव्या शतकात स्पेनमध्ये ‘झोहर’ उदयास आला. तेथून कब्बाला ख्रिस्ती पंडितांच्या हाती गेली. रॉयख्लिनने 1517 मध्ये त्यावर लॅटिन ग्रंथ लिहिला. अग्रिप्पाच्या 1533 च्या गूढविद्येवरील ग्रंथात मेटाट्रोन दहा दिव्य शक्तींपैकी पहिलीच्या जोडीला बसला. लंडनमध्ये 1888 साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळाने त्याला हेच स्थान देऊन आपल्या विधींत घेतले. अलीकडे तर ‘मेटाट्रोनचा घन’ म्हणून तेरा वर्तुळांची एक आकृती लॉकेटांवरही मिळते. जुन्या ज्यू ग्रंथांत मात्र तिचा पत्ता नाही. या प्रवासात आसन राहिले, मुकुट राहिला, नावाची शक्ती राहिली. गळून पडले ते साठ फटके. ज्याच्या आधाराने मर्यादा शिकायची, तोच सामर्थ्य मिळविण्याचे साधन झाला. गेर्शोम शोलेम यांनी 1938 साली न्यूयॉर्कमध्ये व्याख्याने देऊन हा सारा गूढवाद मूळ हस्तलिखितांच्या आधारे पुन्हा उलगडून दाखविला, त्याचे मोल म्हणूनच मोठे.

याच परंपरेचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. सदेह वर नेलेला दुसरा पुरुष म्हणजे एलिया. पुढच्या कब्बालात तोही सँडलफोन नावाचा देवदूत झाला, मेटाट्रोनचा जणू जोडीदार. आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. गोड पोहे, खोबरे आणि फळे मांडून त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरील खूण त्याच्या रथाची मानतात. त्याचे स्मरण ते प्रेमाने करतात. पण स्तुती होते ती एका ईश्वराची. ग्रंथातला धडा येथे ताटाभोवती बसून पाळला जातो.

उंच चढलेल्या माणसाला आपण आसन देतो, हे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की प्रसंग पडला तर त्याला ‘उठ’ म्हणण्याची ताकद आपल्यात उरते का? ज्यांच्यात ती उरली, त्यांचा देवदूत देवदूतच राहिला आणि त्यांचा ईश्वर एकच राहिला.