डाग तेलाचा, उतारा पिठाचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, हा धाराशिव-लातूरकडचा खास सण. या अमावस्येला गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर अशी पंगत बसते. मायबाया ठेवणीतली साडी नेसलेल्या, पोरांच्या अंगावर नवे कपडे. ताट मांडीवर आणि वाढणारा घाईत. संध्याकाळी परतताना कुणाच्या ना कुणाच्या पदरावर भज्जीचा पिवळा तेलकट डाग असतोच. खरं सांगायचं तर, डागानं कापडाचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं दुसऱ्या दिवशी त्यावर होणाऱ्या प्रयोगांनी होतं. म्हणून आज या डागांविषयी बोलणार आहे.

बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, की बाया पहिला उपाय सांगतात तो पाण्याचा. डाग पडला की लगेच पाण्यानं चोळायचं. पण तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. नुसत्या पाण्यानं चोळलं की तेल निघत नाही, ते धाग्यात आणखी आत जातं आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. त्याऐवजी आधी वर राहिलेलं अन्न चमच्यानं अलगद उचला, कोरड्या फडक्यानं टिपून घ्या आणि डागावर ज्वारीचं पीठ जाड थरानं पसरा. टाल्कम पावडर किंवा खडूची पूडही चालते. पंधरा-वीस मिनिटांत पीठ तेल ओढून घेतं. मग झटकायचं आणि पुन्हा पसरायचं. येळवशीला रानात साबण नसतो, पण पीठ मिळू शकतं, आणि या उपायाला पाण्याचा एक थेंबही लागत नाही.

आपल्या भागात हा मुद्दा लहान नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात एका डागापायी अख्खी साडी दोन-दोनदा धुणं परवडत नाही. म्हणून धुवायचा तो डाग, कपडा नव्हे.

पीठ झटकल्यावर साबणाची पाळी. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला. तेलाचे बारीक थेंब तो वेढून घेतो आणि पाण्याबरोबर बाहेर नेतो. पण आपलं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यातल्या क्षारांशी साध्या साबणाचा चोथा होतो, फेस येत नाही आणि कापडावर पांढुरकी साय बसते. अशा पाण्यात धुण्याची पावडर किंवा भांडी घासायचं लिक्विड अधिक उपयोगी. लिक्विडचे दोन थेंब न विरघळवता थेट डागावर टाका, बोटानं हलकं चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग खळबळा. सुती कापड असेल तर पाणी कोमट घ्या, म्हणजे गोठलेलं तूप किंवा डालडा सुटा होतो. मात्र डाग दूध, खवा किंवा अंड्याचा असेल तर आधी थंड पाणी, कारण त्यातली प्रथिनं गरम पाण्यानं धाग्यावर शिजून बसतात.

आता हळद. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून आधी तेल काढल्याशिवाय हळद हलत नाही. साबण लागला की पिवळा डाग एकदम लाल होतो आणि बाया घाबरतात. साबण, सोडा, चुना यांच्या संगतीत हळद लाल होतेच. कुंकूही हळदीला असाच क्षार लावून करत आले आहेत. भरपूर खळबळलं की लाली उतरते. तेल पूर्ण निघालं की पांढरा सुती कपडा ओला असतानाच उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

आपल्या मराठवाड्याच्या तेलाविषयी वेगळं सांगायला हवं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल साधारण 75 टक्के असतं. असं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं, म्हणूनच ते रंगकामातही वापरलं गेलं. कपड्यावर राहिलं तर तेही तसंच घट्ट होतं, पिवळं पडतं आणि मग निघता निघत नाही. आता करडईची जागा बरीचशी सोयाबीननं घेतली, पण ते तेलही त्याच वळणाचं. म्हणून डाग आठवडाभर गाठोड्यात ठेवू नये. आणि डाग निघाल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री फिरवू नये, उष्णतेनं तो पक्का होतो. ओल्या कापडावर तेल दिसत नाही, त्यामुळे कपडा वाळल्यावर उजेडासमोर धरून पाहा. डाग दिसला तर पुन्हा लिक्विड लावा. टेरिकॉट, पॉलिस्टर तेल धरून ठेवतं, तिथं दोन-तीन वेळा करावं लागतं.

नवरात्रात तुळजापूरला पोत आणि दिवटी यांच्याभोवती तेल सांडतंच. त्या तेलकट फडक्यांविषयी एक इशारा. तेलात भिजलेली फडकी ढीग करून कोंदट जागी ठेवू नका. हवेशी संयोग होताना तेल गरम होतं आणि ढिगात ती उष्णता अडकते. जवसाच्या तेलाची फडकी अशा ढिगात आपोआप पेटतात. ती पसरून वाळवा किंवा लगेच धुवा.

दुसरा इशारा रॉकेल-पेट्रोलचा. डागावर हे लावायची जुनी सवय अजून आहे. चुलीजवळ किंवा पेटत्या दिव्याजवळ असा कपडा म्हणजे जिवाशी खेळ. पदराच्या डागापायी पदर पेटायला नको. तसंच कपड्याचं ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

रेशमी साडीला धुण्याचा सोडा लावू नये आणि एन्झाइमची पावडरही लावू नये. रेशीम हे प्रथिन आहे, ही पावडर त्यालाच खाते. पीठ किंवा पावडर लावून तेल ओढून घ्या, मग रिठ्याच्या थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपा, आणि तेही आधी आतल्या बाजूला छोट्या जागी करून पाहा. जर चोळू नये. साडी भारी असेल तर सरळ जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावी आणि डाग कशाचा ते त्याला सांगावं.

आपल्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरहून भडोचला गाड्यांनी कापड जात असल्याची नोंद आहे. तेव्हाही पंगती उठत असतील आणि त्या कापडावर तूप सांडत असेल. धुणाऱ्या हातांची नोंद मात्र कुठल्या ग्रंथात शोधायची? एक गोष्ट तेवढी आजच्या हातांनी करावी. ज्याच्या कपड्यावर डाग पडला, त्या पोराला किंवा कारभाऱ्यालाच पीठ पसरायला बसवा. काम अवघड नाही, आणि पुढच्या येळवशीला ताट जरा सांभाळून धरलं जाईल.