दोन सेकंदांची मुदत

मोटार मागे घेताना तिच्या पाठीशी उभे असलेले लहान मूल आरशात दिसत नाही. अशा अपघातांमुळे अमेरिकन सरकारने 2014 साली नियम केला, की मागचा गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत मागील दृश्य चालकासमोरील पडद्यावर उमटले पाहिजे. मे 2018 पासून तो सर्व नव्या हलक्या मोटारींना लागू झाला.

पण ते दृश्य दाखविणारा संगणक मोटारीबरोबरच जागा होतो, आणि त्याची जाग सावकाश असते. यू-बूट हा त्याला उठविणारा बहुप्रचलित प्रोग्रॅम, कोणी कळ दाबील या अपेक्षेने, मुळातच दोन सेकंद थांबतो. मोटारीत कळ दाबणार कोण? ती मुदत प्रथम शून्यावर आणावी. पुढे लिनक्स उठताना आपल्या प्रत्येक हालचालीची वर्दी सीरियल तारेवरून देतो, आणि अक्षरे जाईपर्यंत काम खोळंबते. 115200 बिटांच्या वेगाने सेकंदाला सुमारे 11500 अक्षरे जातात. वर्दी 20000 अक्षरांची असेल तर पावणेदोन सेकंद बोलण्यातच गेले! आरंभीच्या आज्ञेत ‘क्वाएट’ हा एक शब्द घातला, की ही बडबड बहुतांशी थांबते.

खरी मेख मात्र क्रमात आहे. नकाशे, दूरध्वनी आणि, आकाशवाणीची क्षमा मागून सांगतो, रेडिओ यांनी चार क्षण थांबावे. कॅमेऱ्याने थांबू नये. कॅमेरा व पडदा चालविणारे प्रोग्रॅम आधी उठवावेत, बाकीचे मागाहून. काही रचनांत तर हे चित्र वेगळ्या छोट्या प्रोसेसरकडेच सोपवितात. मग लिनक्स रेंगाळला तरी पडदा अंधारात राहत नाही.