सृष्टी कोणी केली?



आपल्या काशीदच्या किनाऱ्यावर मुलं ऐकतात, परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला नि कोकण झालं. न्यूझीलंडचे माओरी सांगतात, आकाश-धरती बिलगलेली होती. ताने या लेकाने ती दूर सारली, तेव्हा उजेड आला. कथा गोडच. पण पुरुषसूक्तात पायापासून शूद्र जन्मला! अशाच कथांच्या जोरावर महाडचं चवदार तळं आपल्याला बंद होतं.

भगवंतांनी अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठाला समजावलं : ब्राह्मणांच्या बायकाही बाळंत होतात, मग ब्रह्म्याच्या मुखातून जन्म कसा?

आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. मुलांना कथा जरूर सांगा, पण 'कशावरून?' हे विचारायलाही शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!